सुरगाठीच्या पाटल्या

दादा, आज सकाळी तुझी परात मी अंगणात आपटली. पितळेची ती, फुटणार थोडीच! ग्वाल्हेरहून तुझ्या वळकटीबरोबर आली, काठाला अजून साखर चिकटलेली, आणि मला ती बघवेना. दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली आणि फरशीवर हाणली. असा आवाज झाला की शेजारच्या शकुंतलाबाई हातात विळी तशीच घेऊन धावत आल्या. "कंई हुयो, बई?" म्हटलं, काही नाही, भावाशी भांडतेय. बिचाऱ्या तोंडाला पदर लावून परत गेल्या. परातीला एका बाजूनं चांगला पोचा आलाय. तू असतास तर माझ्या कानाखाली एक ठेवून दिली असतीस, आणि मीही ती ठेवून घेतली नसती.

तेराव्याला तुझ्या ऑफिसातले दोघे जेवायला होते. त्यातला एक म्हणाला, "बहुत शांत आदमी थे, जी." मी वाढता वाढता थांबले. हसू आलं आणि मग रडू आलं, आणि दोन्ही लपवायला मी स्वयंपाकघरात पळाले. तू आणि शांत! आपल्या घरात तोंडाआधी हात चालायचे. बाबा तुला छडीनं, तू मला बुक्क्यांनी, मी तुला दातांनी. आई म्हणायची, "देवानं या दोघांना हात दिले तिथंच चुकलं." कॉलेजात असताना दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी तू गौतमपुऱ्याला हिंगोट बघायला गेलास. माणसं एकमेकांवर पेटते हिंगोट, दारू ठासलेली ती फळं, फेकतात ते लांबून बघायचं सोडून मधोमध घुसलास आणि कोटाला भोक पाडून घरी आलास. आईनं भाजलेल्या खांद्याला खोबरेल लावलं आणि धड खांद्यावर लाटणं घातलं.

आणि याच हातांनी तू हलवा करायचास. हे मी कुणाला सांगितलं तर लोकांना पटत नसे. एवढा धिप्पाड माणूस, सचिवालयातला बाबू, आणि पौषात पहाटे शेगडीपुढे मांडी घालून बसलेला. परातीत तीळ, खाली राखेत मुरवलेले निखारे, आणि चमचाभर पाक टाकून बोटांच्या टोकांनी ते तीळ फिरवत राहायचे. फिरवत राहायचे, फिरवत राहायचे. बोटं भाजतात, पण हात थांबला की दाणे एकमेकांना चिकटतात. थंडी चांगली असली तर दाण्यादाण्याला काटा फुटतो, पांढराशुभ्र. आईचे डोळे गेले तेव्हा तू तिच्याकडून हे शिकलास. मी शिकायला बसले होते, पण मला धीर नाही. मी दाणे बांधायला शिकले. हलव्याच्या दाण्याला भोक पाडता येत नाही, म्हणून एकेक दाणा दोऱ्याच्या गाठीत धरायचा. तशा गाठी मारत मारत हार, नथ, बिंदी, पाटल्या, बाजूबंद. इंदूरच्या मराठी घरांत नव्या सुनेची पहिली संक्रांत असो की बाळाचं बोरन्हाण असो, दागिने आपल्या स्नेहलतागंजातल्या घरातून जायचे. दाणे तुझे आणि गाठी माझ्या.

माझं देवासचं सासर कसं सुटलं ते इथं फार लिहीत नाही. नवऱ्यानं तापलेलं उलथनं माझ्या दंडावर टेकवलं. तुला कुणीतरी निरोप दिला. तू आलास, चहासुद्धा घेतला नाहीस, तेच उलथनं उचललंस आणि त्याच्या मनगटावर असं घातलंस की हाड मोडल्याचा आवाज मी न्हाणीघरात ऐकला. मग मला म्हणालास, "कुशे, चल." मी तशीच निघाले. बसमध्ये बसल्यावर बघते तर उलथनं माझ्या मांडीवर. त्या घरातून आणलेली वस्तू ती एकच. ते अजून चुलीपाशी आहे.

तुझी नोकरी नसती तर आपण दोघं जगलो नसतो आणि हलवा नसता तर मी जगले नसते. मी दुपारी कन्याशाळेत शिवण शिकवायची, तू दहाला ऑफिस गाठायचास. संस्थानं गेली, मध्यभारत झाला आणि नवीनच तमाशा सुरू झाला. राजधानी उन्हाळ्यात इंदूरला, हिवाळ्यात ग्वाल्हेरला. फायली ट्रंकांत, ट्रंका गाडीत, आणि मागून बाबू लोक आपापल्या वळकट्या घेऊन. संक्रांत नेमकी हिवाळ्यात! मला वाटलं, संपला आपला हलवा. तू म्हणालास, "कायको घबराती है? परात नेतो ना."

आणि नेलीस. कचेरीतल्या लोकांबरोबर एका बराकीत राहायचास, पहाटे शेगडी पेटवायचास, दहाला नखांत साखर घेऊन फायली उघडायचास. हलव्याचे डबे ओळखीच्या गार्डाबरोबर इंदूरला यायचे आणि मी शाळेतून आले की बांधायला बसायची. प्रत्येक डब्यात चिठ्ठी: "ग्वाल्हेरच्या थंडीत जो काटा येतो तो तुझ्या इंदूरला सात जन्मांत यायचा नाही." मी उलट लिहायची, की काटा बरा आहे पण चव गेली. राजधानी कुठली मोठी यावर मंत्र्यांनी भांडावं तसे आपण हलव्यावर भांडायचो. ते भांडण अजून मिटलेलं नाही.

तुला पकडून दिलं मुंग्यांनी. सरकारी नोकरानं परवानगीशिवाय धंदा करायचा नाही असा नियम. तू काय, तोंडातून ब्र काढला नाहीस. पण तुझ्या टेबलावरच्या फायलींना मुंग्या लागायला लागल्या. साहेबांनी फाईल उघडली की मुंग्यांची रांग. त्यांनी तुला आत बोलावलं. मी त्यांना इथं साहेबच म्हणते, नाव घेणार नाही. त्यांचं बिऱ्हाड इंदूरला, पलासियाला बंगल्यात. ते म्हणाले, "ठीक है, आम्ही डोळे मिटतो. आमच्या सूनबाईंची पहिली संक्रांत आहे. दागिने तुमच्याकडून." तू मान डोलावलीस. दुसरं काय करणार होतास?

साहेबांच्या बायकोनं मला बोलावून माप सांगितलं. पाटल्या रुंद हव्यात, मनगटापासून पार कोपरापर्यंत. गळ्यालगतची चिंचपेटी चार बोटं रुंद. मी मनात म्हटलं, मोठ्या लोकांची हौसही मोठी. शाळा सांभाळून बांधल्या. डोळे फुटायची वेळ आली. आयुष्यात इतकं सुंदर काम केलं नव्हतं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सुनेला दागिने चढवायला मीच गेले, कारण ते घालायलाही हात बसलेला लागतो. मागच्या खोलीत विजया बसली होती. काळी चंद्रकळा, विशीची पोर. मी म्हटलं, हात पुढे कर. तिनं केले. दादा, कोपरापासून मनगटापर्यंत जागा नव्हती. काही निळं, काही हिरवं पडलेलं, काही ताजं. डावं मनगट सुजून वाकडं. गळ्यावर बोटांचे वळ, मोजता यावेत असे. मी बघतच राहिले. विजया हळूच म्हणाली, "लवकर घाला ना, बायका आल्यात." आणि दारातून तिची सासू म्हणाली, "अहो बाई, बघता काय? घाला. रुंद कशाला सांगितल्या होत्या मग!"

माझं डोकं फिरलं. माझा दंड आठवला, उलथनं आठवलं, आणि मी रात्रंदिवस कशासाठी गाठी मारत होते ते कळलं. दागिन्यांचं तबक उचललं, दिवाणखान्यात गेले आणि सगळ्या बायकांच्या मधोमध ते जमिनीवर आपटलं. वरून पायानं चिरडलं. साखर सगळीकडे उडाली. ओरडले, "आत जाऊन पोरीचे हात बघा!" सासूनं मला थोबाडीत मारली. मी तिला मारली. कुंकवाचा करंडा उलटला, कुणाचीतरी साडी भरली, बायका किंचाळत भिंतीला लागल्या. नोकरांनी मला केसांना धरून फाटकाबाहेर काढलं. पण आतल्या खोलीचं दार कुणीतरी लावून घेतलं होतं. विजयाचे हात कुणी पाहिलेच नाहीत. सगळ्यांनी पाहिली ती मी. दुसऱ्या दिवसापर्यंत अर्ध्या इंदुरात झालं की हलवेवाली कुसुम वेडी झाली. नवऱ्यानं टाकलेली ना, जळते दुसऱ्याच्या सुनेवर.

तू तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आलास. साहेबांनीच धाडलं होतं, "जाइए, निस्तरून या." दारात ट्रंक आणि परात ठेवलीस आणि पहिली चपराक मारलीस. मी उलथनं उचलून तुझ्या भुवईवर हाणलं. रक्त आलं. शकुंतलाबाई मध्ये पडल्या, त्यांनाही एक धक्का बसला. मग आपण दोघं दमून ओट्यावर बसलो. तू भुवईला फडकं दाबून धरलेलं आणि मी गाल.

"मी मारायला नको होतं का त्या बाईला?" मी विचारलं.

"मारायला काही हरकत नी," तू म्हणालास. "पण तुझ्या तमाशाचा मार कुणी खाल्ला, मालूम है? त्या पोरीनं. त्याच संध्याकाळी. त्यांच्या माळ्यानं सांगितलं मला आत्ता, येताना."

मी गालावरचा हात काढला. तू पुढे म्हणालास, "मी माफी मागायला जातोय. रथसप्तमीला ते लोक पुन्हा हळदीकुंकू करतायत, लोकांची तोंडं बंद करायला. तिची आईपण येणार उज्जैनहून. नवीन दागिने द्यायचेत. तसेच, रुंद."

मग मी जे बोलले ते दोन वर्षं बोलत राहिले. "माझ्या वेळेला हात उचललास, तिच्या वेळेला जोडलेस. मी बहीण म्हणून? तिला भाऊ नाही म्हणून? की तिचा सासरा साहेब म्हणून? भ्याड आहेस तू, दादा." तू भुवईवरचं फडकं उलटं करून पुन्हा दाबलंस. तुझं न बोलणं हे मारण्यापेक्षा वाईट असायचं.

मी बांधायला नकार दिला. म्हटलं, मेले तरी त्या हातांसाठी एक गाठ मारणार नाही. तू स्वतः बसलास. दाणे करणाऱ्या त्या जाड, भाजलेल्या बोटांत दोरा सापडत नव्हता. मी समोर शाळेची शिवणं तपासत बसले आणि मुद्दाम तुझ्याकडे पाहिलं नाही. एकदा मात्र नजर गेली आणि मी पटकन म्हणाले, "अरे, ती सुरगाठ होतेय. ओढली की सुटेल. निरगाठ मार." तू वर न बघता म्हणालास, "मला येते ती मारतो. तुला काय करायचंय? तू तर बांधणार नाहीस ना!" मला राग आला आणि मी उठून गेले. आईनं तुला निरगाठ शिकवली होती, हे मला तेव्हा आठवलं नाही. रागात कधी काही आठवतं का?

रथसप्तमीला तू दागिने घेऊन पलासियाला गेलास. मला त्या घराचा उंबरठा बंद होता. पुढचं मला सगळ्या इंदुरानं सांगितलं, प्रत्येकीनं आपापल्या परीनं. विजया दिवाणखान्यात बसली, डोक्यापासून पांढरी. हात मांडीवर, नजर खाली. बायका म्हणाल्या, बघा, किती सुखात आहे! ती ओळीनं वाण देत होती, हात जराही वर न करता. आईची पाळी आली. विजयानं वाण दोन्ही हातांनी वर उचललं, कपाळापर्यंत, देवाला दाखवावं तसं. पाटल्या ओढल्या गेल्या. एक गाठ सुटली, मग पुढची, मग सगळ्या. दाणे टपाटप गालिच्यावर पडले आणि दोन्ही हात उघडे पडले, कोपरापर्यंत, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.  पाव फर्लांगावरचा टांगा ऐकू येत होता म्हणे.

मग तिची आई उठली. लहानखुरी, कधी आवाज न चढवणारी बाई. सासूनं "अहो, पडली हो ती जिन्यावरून" असं सुरू केलं, तशी तिनं समोरचं पानदान उचललं आणि फेकून मारलं. विहिणीनं विहिणीला! सासूच्या ओठातून रक्त आलं. लेकीला कमरेला धरून ती बाहेर पडली, टांग्यात बसली, स्टेशन गाठलं. उज्जैनच्या गाडीत तिसऱ्या वर्गात एक पोर हलव्याचा मुकुट घालून बसली होती, हे स्नेहलतागंजातल्या हमालांनीसुद्धा पाहिलं.

संध्याकाळ व्हायच्या आत तिचा नवरा आपल्या दारात, सोबत दोघे, हातात हॉकी स्टिका. शेगडी लाथेनं उडवली, पाकाचं पातेलं भिंतीवर मारलं. तू परात ढालीसारखी धरलीस. एका स्टिकेनं तुझ्या बरगड्या मोडल्या. मी उलथन्यानं निखारे उचलून त्यांच्या पायांवर फेकत होते, आणि मला सांगायला लाज वाटत नाही, मला बरं वाटत होतं. एकाचा पाय चांगला भाजला. शकुंतलाबाईंच्या नवऱ्यानं गल्लीत हाळी दिली, "अरे भिया, आओ रे, बाबूजी को मार रिये हैं!" गल्ली धावली तसे ते तिघे पळाले. तू भिंतीला टेकून हसत होतास आणि हसताना बरगडी धरत होतास.

मी तिथंच विचारलं, "दादा, खरं सांग. मुद्दाम केलंस ना?"

"काय?"

"सुरगाठ."

"मला गाठी येत नाहीत, कुशे," तू म्हणालास. "माझं काम दाणे."

साहेबांनी तुझी नोकरी घेतली नाही. घेतली असती तर लोकांनी कारण विचारलं असतं. त्यांनी तुला ग्वाल्हेरच्या रेकॉर्ड रूममध्ये टाकलं, बाराही महिने. राजधानी उन्हाळ्यात इंदूरला आली तरी तू तिथंच, जुन्या कागदांच्या बस्त्यांत. तू इंदुराला मुकलास आणि मी तुला. सुट्टीवर यायचास तेव्हा मी पुन्हा तेच काढायची. पोहे वाढताना, कपडे वाळत घालताना, स्टेशनवर गाडी सुटताना. मुद्दाम केलंस की चुकून झालं? मुद्दाम केलं असेल तर माझा भाऊ मला परत मिळाला असता. चुकून झालं असेल तर ती पोर केवळ दैवानं वाचली आणि तू खरंच हात जोडलेस. मला कळायलाच हवं होतं. तू दर वेळी एकच: "सुटली गाठ. आता तू तरी सोड." एकदा मी तांब्या फेकून मारला. तू झेललास आणि त्यातलं पाणी प्यायलास.

आपल्या मारामाऱ्यांना मी प्रेम म्हणत नाही, दादा. लोक म्हणतात तसं. विजयाचे हात पाहिल्यावर मला ते म्हणवत नाही. फरक एवढाच, की आपल्या घरात मार दोन्ही बाजूंनी जायचा आणि दार उघडं असायचं. तेही चांगलं नव्हतं. तू गेल्यापासून मी हात उचलला तो फक्त परातीवर.

आणि गेलास कसा तर थंडीनं! इतक्या मारामाऱ्या, हिंगोट, हॉकी स्टिका, माझं उलथनं, आणि शेवटी छातीत कफ होऊन ग्वाल्हेरच्या त्या थंडीनं तुला नेलं जिची तू दर चिठ्ठीत कौतुकं करायचास. मोडलेल्या बरगडीत तेव्हापासून कळ होतीच. मी तार मिळताच आले. तुझ्या खोलीत परात मांडलेली होती आणि तिच्यात अर्धे झालेले दाणे, काटा न फुटलेले. बराकीतला बाबू म्हणाला, "बुखार में भी बैठते थे, बहनजी. कहते थे, बहन के यहाँ संक्रांत है." तुझी चिता पेटली तेव्हा मी रडले नाही, मी तुला शिव्या देत होते. भटजींनी माझ्याकडे पाहिलं आणि मंत्र जरा मोठ्यानं म्हणायला लागले.

तेराव्याला विजया आली, उज्जैनहून. मी तिला त्या दिवसानंतर पाहिलं नव्हतं. शाळेत मास्तरीण झालीय. डावं मनगट थोडं वाकडंच राहिलंय, त्यात एकच काचेची बांगडी. पानं उठल्यावर ती माझ्यापाशी स्वयंपाकघरात येऊन बसली आणि म्हणाली, "ताई, दादांनी तुम्हाला सांगितलं नाही ना?"

"काय?"

"ते दागिने घेऊन आले तेव्हा सासूबाई पुढच्या दारी होत्या. दादा मागच्या पडवीत उभे राहिले आणि दाराआडून म्हणाले, 'सूनबाई, या पाटल्यांच्या गाठी सुरगाठी आहेत. हात खाली ठेवलात तर काही होणार नाही. वर उचललात तर सुटतील. तुमची आई येणार आहे. उचलायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मी कुणाला सांगणार नाही.'"

"मला का नाही सांगितलं त्यानं?" मी विचारलं.

ती म्हणाली, "मीच त्यांना शपथ घातली होती. माझ्या बाबांना कळलं असतं की मी मुद्दाम हात उचलला, चारचौघांत सासरची अब्रू काढली, तर त्यांनी मला परत पाठवलं असतं. गाठ आपोआप सुटली, पोरीचा काय दोष, म्हणून ठेवून घेतलं. नंतर मी दादांना निरोप धाडला, की ताईंना तरी सांगा. त्यांचा उलटा निरोप आला, 'तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. तुझे वडील आहेत तोवर नाही.' बाबा गेल्या श्रावणात गेले. मी येणारच होते दादांना मोकळं करायला."

म्हणजे श्रावणापासून तू मोकळा होतास, आणि तुला ते माहीतच नव्हतं. त्यानंतरच्या दिवाळीत तू इथं होतास. मी पुन्हा विचारलं होतं, फराळाचं ताट पुढे ठेवताना. तू चकली तोंडात घालून म्हणालास, "सुटली गाठ." मी ताट ओढून घेतलं होतं.

दोन वर्षं तू माझ्याकडून भ्याड म्हणवून घेतलंस. एका परक्या पोरीच्या शब्दासाठी. हात जोडलेस, इंदूर सोडलंस, बरगडी मोडून घेतलीस, माझा तांब्या झेललास, पण तोंड उघडलं नाहीस. आणि मी समजत होते की हिंमत म्हणजे देवासचं ते उलथनं. आपल्या घरात सगळ्यांत जास्त जोराचा मार तू मारलास, दादा, आणि त्या वेळी तू हातसुद्धा लावला नव्हतास कुणाला. हात तिनं उचलला.

विजया म्हणाली, लिहा ताई, आता काही हरकत नाही. म्हणून लिहितेय. ती अजून इथंच आहे, चार दिवसांची रजा काढलीय. तुझे ते अर्धे दाणे मी डब्यात भरून आणले होते, ते तिनं मघाशी तुझ्या परातीत घालून शेगडीवर घेतले. परातीला पोचा, दाणे एका बाजूला गोळा होतात, तिची बोटं भाजतात, आणि ती हात मागे घेत नाही. मी म्हटलं, राहू दे, सुतक झालंय नुकतंच, यंदा संक्रांत नाही आपल्याकडे. ती म्हणाली, "संक्रांतीसाठी नाही. अर्धं टाकायचं नाही." इंदूरची थंडी काही ग्वाल्हेरची नाही, पण काटा येतोय, दादा. थोडा थोडा. चवही बरी आहे. एवढं एक भांडण तू जिंकलास असं मी अजून म्हणणार नाही.

भ्याड म्हटलं ते परत घेते. त्याऐवजी खोटारडा म्हणते, आणि ते कधीच परत घेणार नाही. ऐकतोयस ना? मग ये, आणि एक ठेवून दे माझ्या गालावर. या खेपेला मी उलटा हात उचलणार नाही. उचलेन. पण हळूच.